कडेकडेनं

बोगोता, १८ जानेवारी २०१६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र पुन्हा बिघडलं म्हणे. फोनवर ओरडून माझा घसा बसण्यापेक्षा हे पत्रच बरं.

तू भाचीला धाडलेल्या लाल सायकलनं माझी झोप उडवली आहे. रविवारी रस्ते गाड्यांना बंद असतात, तेव्हा येराल्दिननं हवं तेवढं फिरावं, बायकांना सायकल शिकवावी, माझी ना नाही. पण बाईसाहेब आता रोज कामावरही सायकलनंच जातात! बसमध्ये दीड तास उभं राहून अंगचटीला येणाऱ्यांना कोपरं मारण्यापेक्षा हे बरं, म्हणते. मला तर तिची सायकल कोपऱ्यावर वळली की शिवणाच्या मशीनवर बसवत नाही.

चोवीस वर्षांच्या पोरीला कोंडून थोडंच ठेवता येतं? म्हणून चिकिंकिराच्या माउलीच्या तसबिरीपुढे उभं करून शब्द घेतला, की रस्त्याच्या अगदी कडेकडेनं चालवीन, बसच्या वाटेत जाणार नाही. हसली, पण दिला.

शाळा उघडण्याआधी गणवेश शिवून द्यायचेत, मान वर करायला फुरसत नाही. तुझ्या मायेची वाट पाहणारी,
नूबिया


दुइतामा, २२ जानेवारी

चि. नूबियास,
अ. उ. आ.

उद्याच्या बसनं चीज पाठवते आहे, त्याच पुडक्यात हे पत्र. स्टँडवरच्या काउंटरवरून लगेच घेऊन ये, नाहीतर चीजला वास सुटेल.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. अगं, कडेला काय असतं? गटाराची झाकणं, फुटक्या काचा आणि वळणाऱ्या बसची चाकं. कडेची बाई ड्रायव्हरला दिसतच नाही! मी पंचवीस वर्षं सायकलला दुधाचे कॅन बांधून बाजाराला गेले, ती रस्त्याच्या मधून, गाईसारखी. मागचे भोंगे वाजवायचे, आईवरून शिव्या घालायचे. घालू देत. शिवी घातली म्हणजे त्यानं आपल्याला पाहिलं.

तेव्हा पत्र मिळेल त्याच दिवशी पोरीला शब्दातून मोकळी कर. माउलीचं मी बघते, आमची जुनी ओळख आहे. भीती तुझी आहे, ती तिच्या डब्यात बांधून देऊ नकोस.

दोघींना पोटाशी धरून,
ताई


बोगोता, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तुला पोचवायला स्टँडवर आले, तुझी बस सुटली आणि काउंटरवरच्या बाईनं मला हाक मारली. तुमचं पुडकं तेवीस तारखेपासून पडून आहे, म्हणाली. चीज नासलं होतं. पत्र मी तिथेच बाकावर वाचलं.

येराल्दिन गेली सव्वीसला, मंगळवारी. तेवीसला पुडकं आल्याचा त्यांचा फोन आला, तेव्हा मी काजं करत बसले होते. रविवारी बटणं. सोमवारी म्हटलं, चीज कुठे पळून जातंय?

ताई, तिला पुरल्यापासून नऊ दिवस तू माझ्याशेजारी जपमाळ ओढलीस आणि या पत्राचं नाव काढलं नाहीस. तुला वाटत होतं, मी वाचूनही तिला सांगितलं नाही. तसं वाटत असूनही तू मला घास भरवत होतीस.

तिची मैत्रीण मिरेया काल आली होती. येराल्दिन रविवारी बायकांना ओरडून सांगायची म्हणे, मधून चालवा, आपली जागा घ्या! आणि सोमवारपासून स्वतः कडेला. मैत्रिणी चिडवायच्या, तर म्हणायची, आईला शब्द दिलाय. बस उजवीकडे, तिच्या बाजूला वळली तेव्हाही ती कडेलाच होती. ड्रायव्हर पोलिसांना म्हणाला, मला दिसलीच नाही. तो खोटं बोलत नसावा.

आता मिरेयाला सायकल हवी आहे. जिथे माणूस गेलं तिथल्या खांबाला ही मुलं त्याचीच सायकल पांढरी रंगवून बांधतात. मी नाही म्हटलं. पुढचं चाक वाकलेलं आहे, पण ती माझ्या मशीनशेजारी उभी आहे. मी तिला कुठेही जाऊ देणार नाही.

रागावली असशील तरी माझीच रहा.
नूबिया


दुइतामा, १३ फेब्रुवारी

चि. नूबियास,
अ. उ. आ.

होय, तसंच वाटत होतं. तुला घास भरवताना मनात तुला शिव्या देत होते. मला क्षमा कर.

तू तिला कडेला ढकललंस म्हणतेस, तर रस्त्यावर मी ढकललं. सायकल माझी होती. या दुःखाची वाटणी करत बसू नको, दोघींना पुरून उरेल एवढं आहे.

सायकलचं तूच ठरव. पण तुझ्या शिवणाच्या खोलीत ती एकाही ड्रायव्हरला दिसणार नाही.

रोज तुझं नाव घेणारी,
ताई


बोगोता, २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी मुलांनी आमच्या अंगणात सायकल रंगवली. मी सगळ्यांना गुळाचं गरम पाणी दिलं. घंटीखाली लाल रंग थोडा राहिला, तो मी राहू दिला.

मिरेया म्हणाली, रविवारी नेऊ, रस्ते मोकळे असतात. मी म्हटलं, नाही, मंगळवारी, तिच्या कामाच्या वेळेला. आणि मी एकटी नेणार.

आज हातानं ढकलत निघाले. वाकडं चाक दर फेऱ्याला घासत होतं. पाय आपोआप कडेलाच गेले, ताई. एक बस कोपराला चाटून गेली. भोंगा नाही, काही नाही. मी तिथे नव्हतेच जणू.

मग सायकल उचलून रस्त्याच्या मध्ये आणली आणि चालू लागले. मागे करकचून ब्रेक लागला, भोंगे सुरू झाले. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून आपल्या दोघींच्या आईचा उद्धार केला, म्हातारे, मरायचंय का, म्हणून ओरडला.

मी भर रस्त्यात सायकलला धरून हमसून हमसून रडले. ताई, त्यानं मला पाहिलं.

सायकल बांधून आले. घरात आता तुझ्या पत्रांशिवाय कुणी बोलत नाही, लिहीत रहा. पुडकं मी त्याच दिवशी आणीन.
नूबिया