आदरणीय नागरिकास उत्तर

४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अ. आ. वि. वि.

तुझं यंत्र तिकडे जमिनीखाली आणि इकडे आमच्या डोक्यावर, अशी स्थिती आहे. माझ्या औषधाच्या दुकानात लोक खोकल्याची बाटली घेतात आणि हळूच विचारतात, की भाऊ बटण कधी दाबणार? तो फक्त लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहितो, असं सांगितलं तर मी काहीतरी लपवतेय असं बघतात. टीव्हीवर रोज कोणी ना कोणी येऊन सांगतो, की कणांच्या टकरीतून कृष्णविवर होणार आणि पृथ्वी गिळणार. समोरचा न्हावी तर टीव्हीचा आवाज कमी करतच नाही.

खरी काळजी बाबांची. उजवा डोळा रंगाच्या शिंतोड्याने कधीच गेला, आता डाव्याचा मोतीबिंदू पिकलाय आणि डोळ्यातला दाब वाढलाय. डॉक्टरांनी ऑपरेशनला वीस तारीख दिली आहे. त्यानंतर ते परगावी जाणार, आणि आणखी थांबलं तर नजर परत येईल याची खात्री देत नाहीत. पण तुमचं यंत्रही वीसलाच सुरू होणार ना! बाबा म्हणतात, तो दिवस जाऊ दे, मग बघू. मी समजावून थकले. तूच काहीतरी लिही.

लोभ आहेच, हात दुखेपर्यंत उत्तरं लिहीत बसू नकोस.
ताई

१० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

हात दुखतोच आहे. पत्रांची पोती येतात. शेजारचा कारकून ती फोडतो, उत्तराच्या पाकिटांवर पत्ते घालतो आणि ढीग लावतो: घाबरलेल्यांचा, शिव्या देणाऱ्यांचा, शाळकरी मुलांचा. प्रत्येक ढिगाला छापील उत्तर ठरलेलं, मी वरवर नजर टाकून खाली सही करतो. एका बाईंनी विचारलं होतं, की विणायला घेतलेला स्वेटर पुरा करू की नको. त्यांना मात्र मी हाताने लिहिलं, की करा.

बाबांना एवढं वाचून दाखव: 'आमच्या यंत्रात होणाऱ्या टकरींपेक्षा कितीतरी जोरदार टकरी आकाशातून येणारे किरण पृथ्वीवर आणि चंद्रावर अब्जावधी वर्षं करत आले आहेत. चंद्र अजून जागेवर आहे.' रजा मागितली होती. साहेब म्हणाले, त्या आठवड्यात माहिती कार्यालयातला शिपाई जरी गावी गेला, तरी पेपरात येईल की कर्मचारी पळाले. त्यामुळे मी इथेच. बाबांना तूच राजी कर, तुझं ते ऐकतात.

लोभ असू दे, चिडलीस तरी.
धाकटा

१४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अ. आ.

चंद्राचं वाचून दाखवलं. बाबांनी ते पुन्हा वाचायला लावलं, मग उशीखालून एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला. तुमच्या कार्यालयाचं पत्र. मजकूर तोच, शब्दाला शब्द. वर 'आदरणीय नागरिक' आणि खाली तुझी सही.

बाबांनी स्वतः तुमच्या कार्यालयाला लिहिलं होतं रे. खाली नाव न घालता 'एक वृद्ध' एवढंच, घरचा पत्ता फक्त पाकिटामागे. भिंत धरत धरत कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले, मला पत्ता लागू दिला नाही. घरच्यांना तू धीर देण्यासाठी लिहितोस, परक्याला तरी खरं सांगशील, असं त्यांना वाटलं. उत्तर आल्यावर सही भिंगातून बराच वेळ बघत होते म्हणे. रागावले नाहीत. त्याने अक्षर ओळखलं नाही का, एवढंच मला विचारलं. तुला फार काम असतं, असं मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. मला रडू आलं होतं.

त्यांनी पत्रात काहीतरी विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही म्हणतात. काय ते सांगत नाहीत. दोन्हीकडून मीच का भरडली जावी?

ताई

१६ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

पोती उपसून तुमचं पत्र शोधलं. ओळी एकमेकींवर चढलेल्या, काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. आपल्या रस्त्यावरची एकूणएक दुकानाची पाटी तुम्ही रंगवली. खडूची दोरी ताणून धरायला मी असायचो. तरी मला वाटलं, कोणीतरी आजारी माणूस असेल, आणि मी सही केली.

तुम्ही विचारलंत, उत्तरं लिहिणाऱ्याला आईवडील आहेत का, आणि त्या दिवशी वडिलांना त्याच्याशेजारी बसता येईल का. वडील आहेत. शेजारी बसता येणार नाही, आत कोणालाच सोडत नाहीत. मी पहिल्या मजल्यावर खिडकीजवळ बसतो, खुर्चीचा एक हात मोडका आहे. यंत्र बरोबर माझ्या पायाखाली आहे आणि मला त्याची भीती वाटत नाही, हे शपथेवर सांगतो. तुमचं ते अक्षर बघून मात्र फार भीती वाटली.

वीसला तुम्ही टेबलावर झोपा, मी खुर्चीवर बसतो. एवढं माझं ऐका.

तुमचा लोभ कमी झाला असेल तरी मी धरूनच राहणार.
धाकटा

२९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पट्टी निघाली. हे मी स्वतः लिहितोय, ताई शेजारी उगाच उभी आहे. तुमचं यंत्र सुरू झालं म्हणे. मला टेबलावर काही कळलं नाही, आणि नंतर सगळे जागेवर होते. न्हावी आता दुसऱ्याच कशाला तरी घाबरतो.

पृथ्वीची मला एवढी फिकीर नव्हती. ती जायची तर तू तिकडे एकटा नसावास, एवढंच होतं. आता ते जाऊ दे.

नजर आल्यावर पहिल्यांदा तुझं ते छापील पत्रच काढून वाचलं. मजकूर चांगला आहे, चंद्राचं मला पटलं. पण सही बघितली. तुझी सही पहिल्यापासून वर चढत जायची, ही खाली उतरत गेली आहे. शेवटचं अक्षर तर तू पुरं केलेलंच नाहीस. फार दमला आहेस. साहेबांना म्हणावं, आता कोणी पळालं असं पेपरवाले लिहिणार नाहीत. घरी ये आणि झोप.

लोभ आहे, तो विचारायचा नसतो.
एक वृद्ध
(या वेळी ओळखशील.)