सीतेच्या पदराशी झुंज

२० फेब्रुवारी, सकाळ
म्हाताऱ्या, चष्मा तुझ्या डोक्यावरच आहे. खाली घे आणि मी सांगते ते लिही. मला अक्षर येत नाही, म्हणजे ही वही वाचणारा तू एकटा, आणि वाचलेलं संध्याकाळपर्यंत विसरणाराही तूच. गुपित सुरक्षित.
नात लमयाई रायोंग शहरातल्या कारखान्यात परत गेली. जाताना फळीवर बांधलेला तिचा नेचा, हरणाच्या शिंगांसारख्या पानांचा, आपण ज्याला सीतेचा पदर म्हणतो तो, घरात खिडकीशी टांगून गेली. बाहेर ठेवला की चोर नेतात. म्हणाली, एप्रिलातल्या सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणापर्यंत जगवलास तर नोकरी सोडते, इथेच अंगणात नर्सरी काढते.
पाच पोरं जगवली मी. हा तर पाला.

२३ फेब्रुवारी
पानांवर पांढरी लव. बुरशीच. लमयाईला दिसली नाही, डोळे सदा फोनमध्ये. काथ्याने खसाखस घासली. चकचकीत.

१ मार्च
काल पदराने मान टाकली. तहान लागली असणार. बादलीत बुडवला, वर पाटा ठेवला. बुडबुडे थांबले की काढायचा असं ठरलं. आज काढला. आठवण करायचं काम म्हाताऱ्याचं होतं.

९ मार्च
बुडाशी ताटाएवढी तपकिरी पानं, मेलेली. ओढली, सुटेनात. भिंतीला पाय लावून ओढली. शेवटी कोयता.
शेजारची बुनमी खिडकीतून किंचाळली, अगं ताई, मढं नाही ते, त्याच्याच आड मुळं जगतात! जळते मेली. चप्पल फेकली. नेम चुकला, तिचा मासळी मुरवायचा माठ फुटला. आधीच तडकलेला असणार.

२० मार्च
लमयाईने फोटो मागितला. म्हाताऱ्याला म्हटलं, हिरवं तेवढंच घे. हिरवं सापडेना, म्हणून त्याने अख्खाच पाठवला. लगेच फोन. रडत होती. आजी, ती पांढरी लव त्याची स्वतःचीच होती! सांभाळायला दिला होता की बडवायला? आत्ताच्या आत्ता बुनमी आजीकडे दे.
दिला. मन मोठं लागतं.

२ एप्रिल
कुंपणावरून पाहिलं. बुनमी काहीच करत नाही. सावलीत टांगलाय, मागे केळ्याचं साल खोचलंय. आळशी बाई.

१३ एप्रिल, सोंगक्रान
लमयाई आली. नोकरी सोडून. थेट बुनमीच्या दारात.
नेच्याला नखाएवढा कोंब फुटलाय. माझ्या घासण्याने रक्त खेळलं असेल. पण नर्सरी बुनमीच्या अंगणात होणार, आणि मी झाडांपासून चार हात लांब राहायचं म्हणे. नात माझी, कुंपण मधे!
दुपारी कोयत्याने कुंपणच तोडलं. बांबू, काटे, सगळं. बुनमी बोंबलत होती, लमयाई डोक्याला हात लावून बसली. आता अंगण एकच. चार हात मोजले आणि तिथे माझी चटई टाकली.
म्हाताऱ्या, ऊठ. बुनमीला सांग, जेवण इकडेच पाठव. मासळी नको. केळी पाठव, सोललेली नकोत. सालं कशाला, ते बोलू नकोस.