आईंच्या खोलीचा राखाडी

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय,

हाताची सवय आहे, लिहून गेले. आता खोडत बसत नाही. इकडे सगळं ठीक. तिकडेही असेलच, नवं घर आहे.

आईंच्या खोलीच्या भिंतीच्या रंगाचा नंबर पाठव म्हणालास. आईंना नेणार आहेस, तर त्यांना परकं वाटू नये म्हणून रंगही तोच हवा. कोणत्या तोंडाने मागितलास, ते राहू दे. दोन वर्षांपूर्वी हा गडद राखाडी लावला, तेव्हा तू दारात उभा राहून म्हणाला होतास, "म्हातारीला कोठडीत ठेवतेस की काय?" त्याच महिन्यात बॅग उचलून गेलास, तो थेट घटस्फोटाच्या कागदांवरच भेटलास.

का लावला, हे तू कधी विचारलं नाहीस. भिंत क्रीम, दारही क्रीम, त्यामुळे आईंना बाथरूमचं दार सापडायचं नाही. भिंत चाचपत फिरायच्या, व्हायचं ते होऊन जायचं, आणि मग कोपऱ्यात तोंड लपवून रडायच्या. नर्सबाई म्हणाल्या, भिंत गडद करा, दार पांढरं ठेवा, त्यांना दिसेल. तसं केलं. तिसऱ्या दिवशी त्या आपल्या आपण जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "किती सोपं होतं गं." मी भांडी घासता घासता रडले. तुला सांगावंसं वाटलं म्हणून फोन केला. तो तुझ्या मॅडमनी उचलला.

तर नंबर ४१७.

काल मी एवढंच लिहिलं होतं. नंबर, सही, पाकीट बंद. आता ऐक, आणि माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे. नुसता ४१७ भिंतीवर निळा दिसतो. दुकानातल्या कार्डावर ते कळत नाही. पहिल्यांदा मी तोच लावला होता, तर आईंना वाटलं खोलीत पाणी भरलंय. दोन दिवस पाय वर घेऊन पलंगावर बसून होत्या, घास घेतला नाही. हे ठाऊक असून मी नुसता नंबर लिहिला. म्हटलं, त्या तिकडे टिकणार नाहीत, तू आठ दिवसांत वैतागशील आणि इथे आणून सोडशील. आज सकाळी चहा देताना त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. थोडे सुजलेत. मग पाकीट फाडलं.

नीट लिहून घे. चार लिटरच्या डब्यात एक मोठा चमचा तपकिरी घालायचा. आधी पुठ्ठ्यावर दोन हात देऊन बघ, सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर. शेजारी पांढरा कागद धर. निळी, हिरवी, जांभळी, कसलीच झाक दिसता कामा नये. दाराला पांढराच, पण डोळ्यांवर येईल असा नको, जरा सायीकडे झुकणारा घे. दिवा पिवळा लाव, ट्यूबलाइटने सगळं परत निळं होतं. आणि चकाकणारा रंग घेऊ नकोस, मॅडमना कितीही आवडला तरी. त्यात आईंना भिंतीत दुसरी बाई दिसते आणि त्या घाबरतात. निदान त्यांच्या वाट्याला तरी दुसरी बाई नको.

वास जायला आठ दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतील. म्हणून येत्या रविवारी येऊ नकोस, त्याच्या पुढच्या रविवारी ये. यात माझा एक आठवडा वाढतो, हे तुझ्या लक्षात येईल. येऊ दे. सतरा वर्षं तुझ्याबरोबर संसार केला, त्यातलं मला हवंसं असं एकच माणूस उरलंय, आणि कागदोपत्री ते तुझं आहे.

एक राहिलं. सकाळी उठल्या की त्या "सूनबाई" म्हणून हाक मारतात. तुझ्या मॅडमना सांग, ओ द्या. 'मी ती नव्हे' असं समजावत बसू नका. कुणी ओ दिली नाही तर त्या एकेक दार उघडून शोधत सुटतात. "आले हं, आई" एवढं कुणीही म्हटलं तरी त्यांना पुरतं. आवाज कुणाचा, हे आता त्यांना कळत नाही.

त्या पुढच्या रविवारपर्यंत,
सूनबाई