काकडणे थांबले तेव्हा

कर्जत,
माघ शुद्ध नवमी, शके १८२५

चिरंजीव मालोजीस आक्काचे आशीर्वाद.

घरी सगळे खुशाल असतील असे धरून चालते. विचारायची सवय राहिली नाही. इकडे थंडीचा कडाका आहे. मुलींना पाटी हातात धरवत नाही. वाल मात्र चांगला आला आहे म्हणतात. हे पत्र आमच्या शाळेचा शिपाई गोमा घेऊन येत आहे. त्याला भाकरी घाला, उत्तरासाठी थांबवू नका. उत्तर म्हणून तूच यायचे आहेस.

तुझी लेक सुंदरा माझ्याकडे आहे. जिवंत आहे. हे आधी वाच, मग पुढचे.

मूल होत नाही म्हणून तिच्या सासूने, चंद्राबाईने, तिला माघस्नानाचा नवस बोलायला लावला, हे तुझ्या कानावर असेलच. पौषी पुनवेपासून रोज पहाटे नदीत छातीभर पाण्यात उभे राहायचे, ऊन वर आले की ओलेत्यानेच देवळाला प्रदक्षिणा घालायच्या, आणि जेवायचे एकदाच. तिचे सासर भिसेगाव माझ्या शाळेपासून हाकेवर आहे, पण मास्तरीण झाले म्हणून तू मला टाकलेस तसे तुझ्या व्याह्यांनीही टाकले. वाटेत भेटली तर पोर खाली मान घालून जाई. मीही हाक मारली नाही.

परवा सकाळी वर्ग अर्धा रिकामा होता. मुली नदीवर तमाशा पाहायला गेल्या होत्या, त्यांना आणायला गेले. पाहते तो काठावर बायकांचा घोळका, मध्ये ओलीचिंब सुंदरा. बायका तिच्या पायांवर कुंकू वाहत होत्या.

चंद्राबाईला आनंद मावत नव्हता. "बघा मास्तरीणबाई! एवढे दिस पोरगी लटालटा कापत व्हती. आज कापायची थांबली. नवस पावला गं बाय!"

सुंदराच्या हातात कोणी नारळ दिला. बोटे मिटलीच नाहीत. तो पडला तरी तिला कळले नाही. ओठ निळे, जीभ जड, ताडी प्यायलेल्या माणसासारखी. मग ती अंगावरचे लुगडे सोडू लागली. "लय उकडतंय," म्हणाली. बायकांनी हात जोडले.

आमच्या ट्रेनिंग कॉलेजात अफगाणच्या लढाईवरून परतलेले एक डॉक्टर शरीरशास्त्र शिकवायला येत. ते सांगत, काकडणे म्हणजे शरीराने स्वतःच पेटवलेली चूल. गारठलेला माणूस काकडायचा थांबला आणि ऊब मात्र आली नाही, तर समजा सरपण संपले. बर्फात मरायला टेकलेले शिपाई उकडते म्हणून कपडे फेकत. त्याला उभा करू नका, चालवू नका, एकदम विस्तवापाशी नेऊ नका. काळीज दगा देते. वर्गात आम्ही हसलो होतो. कोकणात बर्फ कुठून यायचा?

मी ओरडले. मला ओरडताना कर्जतने पाहिलेले नाही, म्हणून बायका हलल्या. कोणी म्हणाली, "तिला चालवा गं, रगत फिरंल." मी म्हटले, "जी तिला उभी करील तिला मी पाण्यात ढकलीन." घोंगडीवर आडवी घालून शाळेत माझ्या खोलीत आणवली, ओले काढले, कोरडे गुंडाळले.

पुढचे लिहायचे नव्हते. पण चंद्राबाई गावभर काहीबाही सांगत फिरते आहे, तेव्हा माझ्याकडूनच ऐक. सगळ्यांना बाहेर काढून मी कडी घातली. माझे लुगडे-चोळी काढून घोंगडीत तिच्याशेजारी निजले आणि तिला छातीशी धरले. नदीतल्या दगडासारखी होती. बऱ्याच वेळाने तिचे दातांवर दात वाजू लागले, मग सगळे अंग थरथरू लागले. "आत्ये," म्हणाली. मला ओळखून म्हणाली का, कोण जाणे. ती काकडत होती आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने रडले.

तिला ऊब आल्यावर मी उठू शकत होते. दुपार झाली तरी उठले नाही. तुझे मेहुणे गेल्यापासून कोणी माझ्या अंगाला टेकून झोपलेले नाही. एवढेच.

आता कामाचे. पुनव अजून व्हायची आहे. चंद्राबाई काल दारात येऊन म्हणाली, "अर्धा नवस उलटतो. तुमच्या अंगाखांद्यावर कदी कोण खेळलंय व्हय? तुमाला काय ठावं!" तिला मी घालवून दिले. सुंदराच्या मनातला नवस कसा घालवू? तिचाच विश्वास बसला आहे. आज पहाटे उठून तिने कडी काढली. "आत्ये, सोड ना. मला पाणी गार लागलंच नाय. म्हंजे पावलंच ना गं?" मी मनगट धरून बसले. सगळे समजावून सांगितले. ती पाटीवरच्या हिशेबाकडे पाहावे तशी पाहत राहिली. अंगात अजून जोर नाही म्हणून आज राहिली. उद्या जोर येईल.

ती माझे ऐकणार नाही. बापाचे ऐकेल, आणि बाप आला तर सासूलाही बोलता येणार नाही. बैल जुंप आणि ये. तिला आईजवळ खालापुरास ने. इथेच राहू दे असे म्हणायचा मोह मला होईल. तू ऐकू नकोस. माझ्या घरात पाय ठेवायचा नसेल तर गाडी रस्त्यावर उभी कर, मी तिला आणून बसवीन. माझ्याशी काही बोलायची गरज नाही.

तिचे मनगट धरून, एका हाताने लिहिणारी,
तुझी आक्का येसू