दोन्ही हात आडवे

बुधवार, १२ मार्च

प्रिय धाकट्या,

मावशीकडे रुळला असशील. प्लास्टर निघालं, काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातोस, हे तिच्याकडूनच कळलं. इकडे आई ठीक. गुडघ्यांची तक्रार आणि माझ्या स्वयंपाकाची तक्रार, दोन्ही वेळच्या वेळी चालू आहेत.

आता बातमी. काल मी क्रेनवर चढले! एकशे ब्याण्णव पायऱ्या, तीन महिन्यांत पहिल्यांदा. हात अजून भरून आलेत, म्हणून अक्षर असं.

तुला माहीत नसेल (आपण बोलतोय कुठे म्हणा), पण अपघातानंतर शिडीचा पहिला दांडा धरला की मला दरदरून घाम फुटायचा. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी मन एका जागी ठेवायचा सराव सांगितला, तेव्हा मी हसलेच. म्हटलं, मी काय साध्वी होणार आहे? त्या म्हणाल्या, डोळे मिटायचे नाहीत, भांडी घासताना नुसती भांडी घास. मन पळालं की न चिडता परत आण. पहिल्या दिवशी एक कढई होईपर्यंत ते सतरा वेळा पळालं. मी त्याला हाका मारत होते आणि आईला वाटलं, पोरगी कढईशी बोलतेय.

पण महिन्याभरात फरक पडला. पाण्याचा गारवा कळायला लागला, श्वास कुठे अडतो ते कळायला लागलं. भीती आली की म्हणायचे, आलीस का, बस. ती बसायची आणि मी कामाला लागायचे.

कालही तसंच. एक दांडा, एक श्वास. वर पोचले, केबिनचं दार लावलं आणि एकटीच खदाखदा हसले. दिवसभर सळया उचलल्या, एकदाही मोळीला झोका बसू दिला नाही.

इथपर्यंत भराभर लिहिलं. पुढचं मघापासून टाळतेय.

मन परत आणायचं, तर ते कुठे गेलंय हे बघावं लागतं. माझं दर वेळी त्याच सकाळी सापडायचं. तू खाली मला खुणा करत उभा, दोन्ही हात आडवे, म्हणजे थांब. मला ते दिसलं होतं, धाकट्या. पण घरी झालेल्या आपल्या भांडणाला मी मनातल्या मनात उत्तर देत होते. दोन सेकंद उशीर झाला आणि मोळी तुझ्या पायावर आली. चौकशीत मी सांगितलं, तुझी खूण चुकली. तू वाद घातला नाहीस. तुझं काम गेलं.

काल संध्याकाळी उतरले ती तडक मोठ्या इंजिनिअरसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे लिहून दिलंत तर उद्यापासून वर जाता येणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हटलं. "म्हणूनच आज आधी चढून घेतलं."

तिथेच लिहून दिलं. आज सकाळी निर्णय कळला: सहा महिने बंदी, मग नव्याने परीक्षा. तुला काढल्याचा कागद रद्द झालाय, तसं पत्र तुला याच आठवड्यात येईल. पाय बरा झाला की तुझी जागा तुझीच.

लायसन्स गेलंय आणि मी घरभर गुणगुणतेय. आईने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. मग तिलाही सांगितलं. घास हातात तसाच धरून ती म्हणाली, "त्याला आधी सांगायचंस." खरं आहे तिचं.

रविवारी साडेदहाच्या बसने येतेय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. परतीची बस सहाला आहे, तोवर बाहेर बसेन.

तू खूण बरोबर केली होतीस.

चुकलेली,
ताई