आईसाठी चार ओळी

मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय गुंड्या,

पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी गुंड्या म्हणू नये हे मला कळतं, पण दुसरं नाव हाताला वळत नाही. आशीर्वाद तुला चालत नाहीत, म्हणून नुसतं प्रेम पाठवते. माल तोच आहे, कागद बदललाय.

इकडे सगळं ठीक. मोरीतला नळ पुन्हा गळतोय आणि प्लंबर "उद्या नक्की" म्हणून गेला तो गेलाच. शिवणाचं काम भरपूर आहे. सध्या शाळेचे गणवेश. पोरं सुट्टीत ताडमाड वाढतात आणि आया दुमड उसवायला घेऊन येतात. मशीनवर पाय चालू असला की मला ओळी सुचतात, हे तुला ठाऊक आहे. हल्ली पाय चालतो, ओळी येत नाहीत.

प्रार्थनागृहाच्या चिटणिसांनी तुझं उत्तर मला दाखवलं. दाखवलं म्हणजे टेबलावर ठेवलं आणि चष्मा पुसत बसले. आपली रीत तुला आठवत असेल. कुणी गेलं की त्याच्या श्रद्धेवर चार ओळी मी लिहायच्या, मुलाने रविवारी सगळ्यांसमोर वाचायच्या, मग त्या भिंतीवरच्या पाटीवर रंगवायच्या. तू कळवलंस की आईच्या श्रद्धेपायी तुला घर सोडावं लागलं, तेव्हा तिचे गोडवे तू उभं राहून गाणार नाहीस. चिटणीस म्हणाले, मुलगा कडक दिसतो. मी म्हटलं, घरचंच वळण आहे.

आईला निरोप दिला त्या दिवशी तू फाटकाबाहेर खिशात हात घालून उभा होतास. मी पाहिलं होतं. तू मान हलवलीस म्हणून मी जवळ आले नाही. तेव्हाच सांगायचं ते आता लिहायला बसलेय, तर नळाचं लिहून झालं, गणवेशांचंही झालं.

इतक्या लोकांवर ओळी लिहिल्या, पण घरच्यांना विचारलं की उत्तर एकच मिळतं: "श्रद्धा ना? फार होती." त्या भांडकुदळ पाववाल्याचीही फार होती. जिने सुनेला उभ्या जन्मात एक सुखाचा घास खाऊ दिला नाही, तिची तर ओसंडून वाहत होती. मी लिहीत गेले. मला ते खोटं वाटलं नाही. श्रद्धा हे अस्तर असतं, बाहेरून कसं दिसणार, अशी मी मनाची समजूत घातली होती. शिवाय माझ्या ओळी वाचून देव काही मत बनवत नसेल.

आईवर मात्र लिहिता येत नाही. तिने मला बंदी घातली आहे.

ती अंथरुणाला खिळल्यावर दुपारी मी तिच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणायचे. एकदा मध्येच म्हणाली, "पुरे गं. तिथे कुणी नाही." मला वाटलं तापात बरळतेय. हात लावून पाहिला तर अंग गार. मग सावकाश सांगत बसली. लग्नाच्या आधीपासून तिला असंच वाटत आलं होतं. बाबांचा सगळा जीव त्या प्रार्थनागृहात आणि हिचा जीव बाबांवर. म्हणून ती जायची, डोळे मिटायची आणि मिटल्या डोळ्यांनी दुसऱ्या दिवसाची कामं ठरवायची. आपलं घर इतकं वेळच्या वेळी चाललं ते त्यामुळेच, असंही वर म्हणाली आणि हसली. "मी गुंड्याच्याच जातीची. तो लिफ्ट दुरुस्त करताना आधी दोर बघतो ना, तसंच माझं, दोर दिसला तरच भरवसा."

तू आता वाचता वाचता थांबला असशील. मीही थांबले होते. कारण तू आठवतोस ते मलाही आठवतं. बाबा म्हणाले, प्रार्थनेला बसायचं नसेल तर या घरात जेवायचं नाही. तू आईकडे पाहिलंस. आणि तिने तुझ्यासमोरचं ताट उचललं.

मी तिला सरळ विचारलं, मग ताट का उचललंस?

"तुझे बाबा त्या दिवशी एकटे पडले असते तर मोडले असते. गुंड्या तरुण होता, हातात काम होतं. मी तोलून पाहिलं." तिने भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "चुकलं माझं."

बाबा गेल्यावर तरी का नाही बोलावलंस, म्हटलं. तर म्हणे तोवर फार वर्षं झाली होती, कुठल्या तोंडाने बोलावणार. मी लगेच तुला फोन करायला उठले, तर माझा हात धरून ठेवला. तो येईल गं, पण मला त्याच्या तोंडाकडे बघवणार नाही, मी गेल्यावर सांग, म्हणाली. आणि माझ्यावर खोटं लिहू नकोस. प्रार्थना थांबवू का, असंही मी तिला विचारलं. "कर की, तुझं आहे ते. पण मनात कर, मला झोपायचंय." त्यानंतर जिन्यावर पाऊल वाजलं की विचारायची, कोण आलं? मी सांगायचे, शेजारीण. ती डोळे मिटायची.

मला तिचा राग आला, अजून येतो. माझी प्रत्येक ओळ आधी तिने ऐकलेली. "ही लांबली," म्हणायची आणि ती खरंच लांबलेली असायची. देवावरची ओळ लांबली हे कळणाऱ्या बाईला देवच मान्य नव्हता! माझी श्रद्धा जागेवर आहे का, हे हल्ली रोज सकाळी तपासते. आहे. पूर्वीइतकी बडबडी नाही. विश्वास नसलेल्या आईने एका माणसाला जन्मभर सांभाळलं आणि श्रद्धाळू बाबांनी पोटचा पोर घालवला, याचं पद्य करून पाहिलं. होत नाही.

हे तुला सांगावं की गिळून टाकावं, यातच इतके दिवस गेले. न सांगावं तर तिने तुला देवापायी सोडलं असंच तू धरून चालशील. सांगावं तर तेवढंही कारण उरत नाही. तुला जास्त काय लागेल ते मला ठरवता आलं नाही. पण तू खरं बोललास म्हणून घराबाहेर गेलास, तेव्हा तुझ्यापासून तरी हे लपवू नये असं वाटलं.

ओळी अखेर काल झाल्या.

डोळे मिटून बसली, मनात घर आवरलं,
मोडेल वाटलं त्याला जन्मभर सावरलं.
एकाला धरू गेली, एक हातून गेला.
शेवटी जिन्याकडे कान ज्याच्यासाठी, तो देव नव्हता.

चिटणिसांना चौथी ओळ पसंत नाही. प्रार्थनागृहाच्या भिंतीवर असं रंगवता येणार नाही म्हणाले, आणि बदलायची नसेल तर यापुढे ओळी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. मी म्हटलं, घ्या. ही बदलणार नाही.

रविवारी सकाळी ये. प्रार्थना संपल्यावर आलास तरी चालेल. वाचायचं नसेल तर वाचू नकोस, मी वाचेन. पण ती ओळ तुझ्यावर आहे. तू तिथे नसताना ती वाचायचं बळ माझ्यात नाही.

आईवर तुझ्याइतकीच रागावलेली,
तुझी ताई