बाळ पुन्हा फिरलं

तीर्थरूप आईस,
आम्हा दोघींचा, म्हणजे खरं तर तिघांचा, नमस्कार.

धाकटी बरी आहे, दोन घास जेवतेही. बाबांचा गुडघा कसा आहे?

दिवस भरत आले तरी बाळाचं डोकं वरच होतं, म्हणून सकाळी डॉक्टरबाईंनी पोटावर दोन्ही हात दाबून त्याला हळूहळू फिरवलं. पोटावरचा उंचवटा सरकताना मी पाहिला. धाकटीने माझं मनगट घट्ट धरलं होतं. डोकं खाली आलं, सगळ्या हसल्या. दुपारी सोनोग्राफी केली, तर स्वारी पुन्हा डोकं वर करून बसलेली!

"हट्टी आहे, आजीवर गेलंय," असं म्हणून धाकटी भिंतीकडे तोंड करून झोपली. झोपली कसली, खांदे हलत होते.

आता उद्या सिझेरियन करणार. इथे हे रोजचंच आहे म्हणतात. मीही तिला तेच सांगते, पण माझं मलाच पटत नाही.

मी उशी सरळ करते, पाणी पुढे करते, ती नको म्हणाली की पेला परत ठेवते. तू असतीस तर काय केलं असतंस? उत्तर येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल, हे कळतं गं. तरी विचारते.

तुझी,
थोरली